पत्र्याखालच्या उष्णतेत वायरची जाडी: माझा अनुभव

पत्र्याखालून पाइपमधून नेलेल्या एसीच्या वायरचे पीव्हीसी वेष्टन टोकाशी कडक होऊन तपकिरी पडले होते, तरी 20 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) एकदाही पडला नव्हता. कोणती वायर किती प्रवाह सोसते याच्या तक्त्यात 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला दिलेले 24 अँपिअर भोवतालचे तापमान 30 अंश सेल्सिअस धरून असतात. इथे भर दुपारी तापमापक 50 दाखवत होता, आणि 70 अंशांपर्यंतच टिकणाऱ्या पीव्हीसीला तेव्हा 0.71 चा गुणक लावावा लागतो, म्हणजे हाती उरतात जेमतेम 17. एमसीबी मात्र 20 पर्यंतचा प्रवाह बिनदिक्कत जाऊ देतो, ही तफावत मला फार घातक वाटते. म्हणून 4 चौरस मिलिमीटरची वायर ओढून घेतली. तिचे 32 अँपिअर त्याच उष्णतेत सुमारे 22.7 होतात. एमसीबी तोच ठेवला. टर्मिनलचे स्क्रूही नीट आवळून घेतले, कारण सैल जोडापाशी वायर आणखी तापते.