पाऊस सुरू झाला की कुणाचं दार वाजवायचं

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या वस्तीत शिरलं, तेव्हा घरोघरी गणपती बसलेले होते. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. माझ्या अंगणवाडीतली पोषण आहाराची पोती, वजनकाटा, भिंतीवरचे तक्ते, सगळं चिखलात गेलं. चिखल आम्ही चार दिवसांत उपसला. पुढच्या जूनमध्ये पहिली सर आली आणि चार वर्षांचा एक पोरगा टेबलावर चढून बसला. काही केल्या उतरेना. त्याच्या आईनं घरी पलंगाखाली विटा लावून ठेवल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून घाबरलेल्या माणसांना सावरायला आम्ही वस्तीत जे करत आलो, ते लिहिते. आग लागली, अपघात झाला, एखाद्या घरात कुणी जीव दिला, तरी यातलं बरंचसं कामाला येतं.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. पुराच्या आठव्या दिवशी मी वीसेक बायांना गोल बसवलं आणि म्हटलं, एकेकीनं त्या रात्रीचं सांगा, मन मोकळं होईल. तिसरीची पाळी आली तसा तिचा श्वास वाढला, हाताची बोटं आखडली. पुढचे दोन महिने ती अंगणवाडीकडं फिरकली नाही. नंतर एका प्रशिक्षणात जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका समजावून दिली. त्यात तीन कामं आहेत: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. झालेलं सांगायला कुणावर जोर करायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. ती आपणहून बोलली तर ऐकायचं. नाही बोलली तर सोबत बसून भाजी निवडायची.

मग विचारायचं काय? गरज विचारायची. बीपीच्या गोळ्या वाहून गेल्या का, पोराची पुस्तकं आहेत का, आधार कार्ड सापडलं का. यासाठी एक वही करा. घर, गरज, कोण आणून देणार, कधी. एवढंच. कुणी काय सांगितलं, कोण रडलं, हे त्या वहीत एका शब्दानंही येऊ देऊ नका, वही दहा हातांत फिरते. आणि "उद्या येते" म्हणालात तर उद्याच जा, सामान मिळालं नसलं तरी जा. घाबरलेल्या माणसाला सामानाइतकंच, माणूस येतो म्हणाला आणि आला, हे लागतं.

आमच्याकडे पंचनामा, फोटो, मदतवाटप यासाठी वेगवेगळी माणसं आली. एका आजीला तिच्या बकऱ्या कशा गेल्या, हे पाच वेळा सांगावं लागलं. पाचव्या वेळी ती म्हणाली, "आता पुरे झालं वो बाई." त्यानंतर आम्ही दर गल्लीला एक जण नेमला. घरच्यांची परवानगी घेऊन माहिती तोच सांगायचा, घरचे फक्त सही करायचे. एवढ्या साध्या गोष्टीनं फार फरक पडला.

आवाजाचंही बघा. नाला साफ करायला जेसीबी आला की लहान पोरं किंचाळायची. आता मंडळाच्या भोंग्यावरून आदल्या दिवशी सांगतो: उद्या अकरा वाजता मशीन येईल, दोन तास आवाज होईल, पुराचं पाणी येणार नाही. फटाक्यांचंही तसंच.

पोरं बादलीत घर बुडवायचा खेळ खेळतात, अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत. रागावू नका. खेळू द्या, फक्त खेळ तिथंच अडकला तर एक होडी आणून द्या. जेवणाची, झोपायची वेळ रोज तीच ठेवा. पुरुष तर बैठकीला येतच नाहीत. आमच्याकडचे वाळूची पोती भरताना बोलले. एक काकाजी फावडं हातात धरून तासभर बोलले, समोर न बघता. म्हणून त्यांना बोलवायचं ते कामाला.

कुणाचा जीव घाबरला, श्वास लागला तर गर्दी हटवा. अंगाला हात लावायच्या आधी विचारा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, गार पाण्याचा गिलास हातात द्या, आजचा वार आणि समोर काय काय दिसतं ते विचारा. छातीत दुखत असेल तर मात्र थेट दवाखाना गाठा.

पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, रडू येणं बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. महिना उलटूनही काम, जेवण, झोप जागेवर येत नसेल, दारू वाढली असेल, तर मेडिकल किंवा मेयो, या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार विभागात न्या. सोबत स्वतः जा, नुसती चिठ्ठी देऊ नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कुणी "जगून काय करू" म्हणालं तर सरळ विचारा, मरायचं मनात येते का? विचारल्यानं ते डोक्यात घातलं जात नाही. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक, गोळ्या दूर न्या आणि तिथूनच फोन लावा.

आता रात्रीची यादी. आमच्या वस्तीत सगळ्यात जास्त कामाची हीच ठरली. प्रत्येक घराला आधी विचारलं: रात्री जोराचा पाऊस आला तर तुम्हाला उठवायचं का, कुणी उठवायचं, दार कसं वाजवायचं? तो टेबलावर चढणारा पोरगा ज्या घरचा, तिथं दार जोरात वाजवायचं नाही, खिडकीशी नाव घेऊन हाक मारायची. एका मावशीनं सांगितलं, मले उठवू नका, नुसता बाहेरचा लाईट लावून ठेवा. तसंच लिहिलं. ऐकू न येणाऱ्या आजोबांकडे शेजारचा पोरगा चावी घेऊन असतो. यादी मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, दारोदारी फिरून पुन्हा विचारायची. तोवर भाडेकरू बदललेले असतात, आणि मागच्या वर्षी "नको" म्हणालेला माणूस यंदा "हो" म्हणतो.