जेमिनिड उल्कावर्षाव पाहताय? या चुका टाळा

"रात्री नऊला गच्चीवर गेलो, अर्धा तास मान वर करून उभा राहिलो, काहीच दिसलं नाही." डिसेंबरच्या मध्यात हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं, आणि वाईट वाटतं. कारण आपल्याकडे ऑगस्टचा पर्सिड वर्षाव बहुधा ढगांतच जातो. हातात राहतो तो 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्रींचा जेमिनिड, तोही असा निसटतो.

पहिली चूक वेळेची. या उल्का मिथुन राशीत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळच्या एका बिंदूतून येताना भासतात. महाराष्ट्रातून हा उद्गमबिंदू रात्री पावणेआठच्या सुमारास उगवतो. नऊ वाजता तो पूर्वेला इतका खाली असतो की बऱ्याचशा उल्का क्षितिजाखालीच राहतात. दोन-अडीचला तो जवळपास डोक्यावर येतो. थोडं झोपून घ्या, गजर लावा, पण बारा ते चार सोडू नका.

निघण्यापूर्वी कॅलेंडरात तिथी बघा. 2024 साली 14 डिसेंबरला दत्तजयंती होती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. रात्रभर चांदणं होतं, मंद उल्का त्यात बुडाल्या. 2026 मध्ये 9 डिसेंबरला अमावास्या आहे. चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळेल, त्यामुळे यंदा चुकवू नका असं मी आग्रहानं सांगेन.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मोबाइल करतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पडद्याकडे एकदा बघितलं की ती मेहनत वाया जाते आणि पुन्हा सुरुवात. एकच माणूस 'किती वाजले' म्हणून फोन उघडतो आणि शेजारच्या चौघांचेही डोळे दिपतात. फोन पिशवीत टाका. उजेड लागलाच तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी गुंडाळा.

दुर्बीण घरीच ठेवा. तिच्यातून आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो, आणि उल्का कुठून जाईल ते आधी कळत नाही. नजर मिथुनेवरच खिळवूनही ठेवू नका, तिथल्या रेघा आखूड असतात. थोडं बाजूला, जिथे आकाश जास्त काळं आहे तिकडे पाहा. दिसलेली रेघ मनात मागे ओढा. पुनर्वसूकडे पोहोचली तर जेमिनिड, नाहीतर भटकी उल्का. मिनिटभर संथ सरकणारा ठिपका असेल तर तो उपग्रह.

उभं राहून मान दुखते. सतरंजी अंथरून आडवे व्हा, खाली जाड घोंगडी घ्या. पहाटे दव पडतं, कानटोपी विसरू नका.

'तासाला 120 उल्का' या बातमीनं अनेकांचा हिरमोड होतो. तो आकडा उद्गमबिंदू अगदी डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळोखं असेल तेव्हाचा आहे. शहरातल्या गच्चीवरून तासाला मोजक्याच ठळक उल्का दिसतील. वांगणीसारख्या, शहराच्या उजेडापासून लांबच्या जागी किंवा गावाकडच्या माळावर हिशोब पालटतो. तिथेही दहा मिनिटं शांत जातात आणि मग लागोपाठ तीन येतात, म्हणून निदान तासभर तरी उठू नका. या उल्का म्हणजे फेथॉन नावाच्या लघुग्रहाचे कण. ते सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगानं येतात, सिंह राशीतल्या लिओनिड उल्कांच्या जवळपास निम्म्या वेगानं. त्यामुळे शेजाऱ्यानं "ती बघ!" म्हटल्यावर कधीकधी मान वळवायलाही वेळ मिळतो.