बर्फात धावताना कपडे एक थर कमीच घालावेत

तापमान शून्याखाली उतरले आणि रस्त्यावर बर्फ साचू लागला की धावणाऱ्यांना चहूबाजूंनी सल्ले मिळू लागतात, आणि त्यांत बर्फ केवळ खिडकीतून पाहिलेल्यांचे सल्ले सर्वांत जास्त असतात. ‘भरपूर गरम कपडे घालून जा’ हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत घातक सल्ला होय. हा लेख नियमित धावणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे बूट कसे निवडावेत किंवा पहिले दोन किलोमीटर कसे गाठावेत हे येथे सांगत बसत नाही. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे त्यांनी मात्र थंडीत धावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावेच.

निघण्यापूर्वी घरातच पाच मिनिटे हातपाय मोकळे करावेत, पण घाम येईपर्यंत नव्हे.

आता कपड्यांकडे वळू, कारण खरी मेख तेथेच आहे. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे पहिली दहा मिनिटे काकडत काढली की पुढे अंगात भट्टीच पेटते, आणि जाड कपडे घातलेले असतील तर शून्याखालच्या हवेतही पाठीवरून घाम निथळू लागतो. धावत आहात तोवर तो घाम जाणवतही नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे पाय थांबले आणि भट्टी विझली की तोच ओला कपडा अंगातली ऊब भराभर ओढून घेऊ लागतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. बर्फात धावू लागलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मी आत जाड सुती बनियन, त्यावर स्वेटर आणि त्यावर पावसाळी जॅकेट घालून दहा किलोमीटरांसाठी निघालो होतो. सातव्या किलोमीटरला बुटाची नाडी सुटली म्हणून वाकलो, तर नाडीला हरभऱ्याएवढे बर्फाचे गोळे चिकटलेले होते आणि हातमोजे काढल्याशिवाय गाठ बसेना. मोजे काढले, बोटे बधिर झाली, गाठ तरीही बसली नाही. त्या चार-पाच मिनिटांत ओले बनियन पाठीला गारढोण होऊन चिकटले, स्वेटरची खालची कड पुठ्ठ्यासारखी कडक झाली आणि मला अशी हुडहुडी भरली की पुन्हा धावणे अशक्य झाले. उरलेले तीन किलोमीटर समोरून वारा अंगावर घेत चालत आलो, आणि दारापाशी पोहोचल्यावर किल्ली कुलपात घालायला दोन्ही हात लागले. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू झाला असे मानतात; त्या दिवशी मी त्याच्या किती जवळ गेलो होतो हे मोजायला सुदैवाने कोणी नव्हते.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. बाहेर जितके तापमान असेल त्यात दहा अंश मिळवावेत आणि त्या हवेत फिरायला जाताना जे घातले असते तेच घालून धावायला निघावे. उणे पाच असेल तर पाच अंशांचे कपडे. दाराबाहेर पाऊल टाकताच छान उबदार वाटले, तर परत आत येऊन एक थर उतरवावा. पहिल्या दहा मिनिटांत थोडे कुडकुडायलाच हवे. अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा, अंगाबरोबर बसणारा असावा. सुती कपडा घाम शोषून धरून ठेवतो आणि वाळण्याचे नाव घेत नाही, म्हणून बर्फात तो पायमोज्यांतसुद्धा नको. सर्वांत बाहेर वारा अडवणारे पातळ जॅकेट पुरते, आणि त्याची चेन पुढून पूर्ण उघडणारी हवी. पावसाळी जॅकेट मी आता कोरड्या बर्फात वापरतच नाही, कारण ते बाहेरचे पाणी अडवते तशी आतली वाफही कोंडते. मधला, तिसरा थर उणे दहाच्या खाली गेल्याशिवाय घालू नये. चेनही घाम फुटल्यावर उघडून उपयोग नसतो. मानेपाशी ऊब दाटू लागली की लगेच ती चार बोटे खाली घ्यावी आणि वारा लागू लागला की पुन्हा वर घ्यावी. हे धावता धावता वीस वेळा करावे लागले तरी बेहत्तर.

हात आणि कान यांच्या बाबतीत मात्र उलटा नियम आहे, तेथे कंजुषी करू नये. थंडी वाढली की शरीर पोटाछातीतली ऊब राखण्यासाठी बोटांचा रक्तपुरवठा आखडते, म्हणून उणे सातआठच्या पुढे पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी चारही बोटे एकत्र राहणारे मोजे घालावेत. डोक्यातून निम्मी उष्णता निघून जाते हे ऐकीव गणित खरे नाही, कारण डोक्याचे क्षेत्रफळ संपूर्ण अंगाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असते; तरीही कान उघडे ठेवून धावू नये, कानाच्या पाळ्या फार लवकर गोठतात. पुरुषांनी पुढून वारा अडवणारी अंतर्चड्डी वापरावी. याचे कारण मी सविस्तर सांगणार नाही, पण ती चूक माणूस आयुष्यात एकदाच करतो.

मार्ग आखतानाही हाच घाम डोक्यात ठेवावा लागतो. सुरुवात वाऱ्याला तोंड देऊन करावी आणि परतताना वारा पाठीशी असावा, म्हणजे अंग ओले झालेले असताना समोरचा झोत झेलावा लागत नाही. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे वीससारखी भासते, आणि वाऱ्याविरुद्ध धावणाऱ्याचा स्वतःचा वेग त्यात आणखी भर घालतो. दूरवर एकाच दिशेने जाण्यापेक्षा घराभोवती दोन किलोमीटरांच्या फेऱ्या माराव्यात; कंटाळवाणे आहे हे मान्य, पण पाय मुरगळला तर घर जवळ असते. मोबाइल आतल्या थराच्या खिशात ठेवावा, कारण थंडीत त्याची बॅटरी अचानक मान टाकते. मध्येच थांबावे लागले तर प्रथम चेन गळ्यापर्यंत ओढावी आणि उभे न राहता झपझप चालू लागावे.

पायांखालचा बर्फ कानांनी ओळखता येतो. उणे दहाच्या खालच्या थंडीत ताजा बर्फ बुटाखाली करकरतो, आणि अशा बर्फावर पकड चांगली मिळते. आवाज फतफत असा येऊ लागला की सावध व्हावे, आणि चकचकीत जागेवर आवाजच थांबला तर वेग ताबडतोब कमी करावा. सर्वांत वाईट दिवस कडाक्याच्या थंडीचे नसतात. दुपारी शून्याच्या वर जाऊन रात्री पुन्हा गोठवणारे दिवस सर्वांत वाईट, कारण वितळलेल्या पाण्याचा पातळ, पारदर्शक पापुद्रा डांबरावर धरतो आणि रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. पुलाला खालूनही थंड हवा लागते, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. पावले आखूड आणि भराभर टाकावीत, पाऊल शरीराच्या पुढे न पडता बरोबर खाली पडावे, आणि वळणावर रेटा देऊ नये. बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या रबरी पट्ट्या कडक बर्फावर उत्तम काम देतात, पण उघड्या डांबरावर त्याच घसरतात; रस्ता आलटून पालटून असेल तर मी त्या हातात धरून नेतो. घड्याळातला वेग त्या दिवशी पाहूच नये.

थंड हवेने फुप्फुसे गोठत नाहीत, आत पोहोचेपर्यंत ती हवा तापलेली असते. घसा मात्र कोरडा पडून जळजळतो, तेव्हा नाकातोंडावर पातळ कापडी पट्टी ओढावी आणि ती ओलावून कडक झाली की फिरवून कोरडी बाजू पुढे घ्यावी. तहान लागली नाही तरी परतल्यावर पाणी प्यावे.

नाक, गाल किंवा बोट पांढरट, मेणासारखे आणि बधिर झाले तर धावणे तेथेच संपवावे. त्यावर बर्फ चोळावा हा जुना सल्ला अजूनही ऐकू येतो. तो पाळल्यास आधीच गोठलेली त्वचा सोलून निघते. आत येऊन तो भाग सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या, म्हणजे कोमट पाण्यात धरावा, शेकोटीशी नेऊ नये, आणि रंग व संवेदना परत येत नसतील तर डॉक्टरांकडे जावे. वाऱ्यासह भासणारी थंडी उणे सत्तावीसच्या आसपास गेली की उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. त्या दिवशी मी घरातल्या जिन्यावर चढउतार करतो आणि कोणी भित्रा म्हटले तरी ऐकून घेतो.

घरी आल्यावर घड्याळ पाहण्यापूर्वी, चहा ठेवण्यापूर्वी, कोणाशी बोलण्यापूर्वी अंगालगतचा ओला कपडा काढून कोरडा घालावा. नाडीच्या गाठी गोठल्या असतील तर नखांनी उकरत बसू नये, पाच मिनिटे बूट पायांतच राहू द्यावेत, त्या आपोआप सैल होतात. मग बुटांचे आतले तळवे काढून त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने ते बदलावेत. बूट हीटरवर मात्र ठेवू नयेत, त्याने तळाचा डिंक सुटतो.