पाणंदीत रुतलेली गाडी कशी काढावी: ट्रॅक्टर जोडण्याआधी आणि जोडताना

गाडी रुतली की जमलेल्यांचा पहिला सल्ला ठरलेला: "रेस वाढव, निघंल." वाढवू नका. चाक जागेवर फिरलं आणि गाडी हलली नाही, की लगेच पाय काढा. पुढच्या प्रत्येक फेऱ्याला चाक आणखी खाली जातं. डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) एकदा चिखलावर टेकलं की गाडीचा भार त्यावर येतो आणि चाकांना पकडच उरत नाही.

उतरा आणि माती बघा. गगनबावडा, राधानगरीकडची जांभ्याची तांबडी वाट वरून निसरडी असली तरी खाली बहुतेक वेळा घट्ट असते. तिथं टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि फोर बाय फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत हळू गिअरमध्ये) आल्या चाकोरीनं हळू मागं घ्या. पुष्कळदा टोचनाची गरजच पडत नाही. शिरोळ, हातकणंगल्याकडची नदीकाठची काळी माती मात्र चाक धरून ठेवते. तिथं खोरं घ्यावंच लागतं.

किती खोदायचं, याचा हिशेब आहे. गाडी चाकाच्या मध्यापर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाइतकी ओढ लागेल असं धरायचं. मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट. म्हणजे पावणेदोन टनांच्या गाडीला साडेतीन टन. एवढा ताण ओढायच्या पट्ट्यावर टाकण्यापेक्षा अर्धा तास खोदलेलं परवडतं. ज्या दिशेला गाडी काढायची त्या बाजूला प्रत्येक चाकापुढं उतार काढा आणि डिफरन्शियलखालचा चिखल ओढून काढा. टिकाव मारण्याआधी शेताच्या मालकाला विचारा, कारण आपल्याकडं बऱ्याच पाणंदींखालून उसाच्या पाण्याची पाइपलाइन गेलेली असते.

चाकाखाली पाचट टाकू नका. चिखलात ते निसरडं होतं, आणि कोरडं असेल तर तापलेल्या सायलेन्सरला लागून पेट घेऊ शकतं. रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या पट्ट्या) किंवा जाड फळ्या घाला.

दिशा मागचीच. आलो ती वाट गाडीचं वजन पेलते हे कळलेलं असतं, पुढची कळलेली नसते. ओढणारी गाडी कुठं उभी राहणार, तिला सरळ रेषेत जागा आहे का, पंपाच्या विजेच्या तारा किती खाली लोंबतात, हे चालत जाऊन बघा. विजेच्या खांबाला पट्टा कधीच बांधायचा नाही.

आता ट्रॅक्टर. माणसं जखमी होतात ती इथं, म्हणून हा भाग घाई न करता वाचा.

ट्रॅक्टरला पट्टा फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ट्रॉली जोडायच्या दांड्याला, लावायचा. सीटमागं वर असलेल्या टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागी अडकवणं सोपं वाटतं, पण ते जीवघेणं आहे. ओढ मागच्या अ‍ॅक्सलपेक्षा उंचावरून लागली आणि रुतलेली गाडी हलली नाही, की ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं आणि तो मागं उलटतो. ड्रायव्हरला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. गाडी कितीही महाग असो, ड्रायव्हर वरच लावायचं म्हणत असेल तर त्या ट्रॅक्टरला नमस्कार करा आणि दुसरा बघा.

आपल्या गाडीला पट्टा चेसिसला बोल्टनं बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच (ओढायच्या हुकालाच) लावायचा. बंपरला नाही, अ‍ॅक्सलला नाही, आणि ट्रेलर ओढायच्या टो-बॉलला तर अजिबात नाही. जोराच्या ताणाखाली तो बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो, काच फोडून आत येतो. टो-बॉलनं माणसं मेली आहेत. शॅकल (पट्टा अडकवायची यू आकाराची कडी) ४.७५ टनांचं घ्या. वजनक्षमता त्यावरच कोरलेली असते. तसा आकडा नसलेलं शॅकल मी वापरू देत नाही.

साखळी आणि झटका यांची जोडी लावायची नाही. साखळी ताण सोसते, पण ती लवचिक नाही. सगळा झटका एका कडीवर येतो. झटका द्यायचाच असेल तर कायनेटिक (रबरासारखा ताणणारा) दोर, आणि ओढायला आपल्याच वजनाची दुसरी गाडी हवी. ट्रॅक्टरला साधा न ताणणारा पट्टा लावा, सर्वांत खालचा गिअर, आणि ड्रायव्हरला आधी स्वच्छ सांगा: "मामा, झटका नको, नुसती ओढ धरा." पट्टा ताठ झाला की थांबायचं, दोन्ही टोकं बघायची, मगच ओढ वाढवायची. आपल्या गाडीनंही त्याच वेळी लो रिव्हर्समध्ये हलकी साथ द्यायची. पट्ट्याच्या मधोमध ओलं जड पोतं टाका, म्हणजे तुटलाच तर टोक उसळणार नाही.

बघ्यांना हलवा. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात दोन ड्रायव्हर सोडून कुणी नको. हे मोठ्या आवाजात, नावं घेऊन सांगावं लागतं. मोबाइल घेऊन बांधावर चढलेली पोरं आधी खाली उतरवा, तोवर ट्रॅक्टर चालूसुद्धा करायचा नाही. खुणा एकाच माणसानं करायच्या. बाकीच्यांनी "ओढ, ओढ" ओरडायचं नाही, कारण ड्रायव्हरला "थांब" ऐकू आलं पाहिजे.

गाडी निघाली की घट्ट जमिनीवर आणा, हवा भरा, ब्रेक दाबून बघा, रेडिएटरचा चिखल धुवा. मग खोरं परत हातात घ्या. खड्डे बुजवा, बांध ढासळला असेल तर लावून द्या, जमलं तर वर मुरूम टाका. त्याच पाणंदीतून दुसऱ्या दिवशी कुणाची तरी उसाची ट्रॉली जाणार असते.