फर्स्ट एसीचे आरक्षण करण्यापूर्वीची तयारी

फर्स्ट एसीचे आरक्षण नेमके कोणत्या दिवशी उघडते हे सर्वांत आधी पक्के करावे. मागच्या वेळी तेवढेच पाहायचे राहिले आणि बाकीची सगळी तयारी वाया गेली. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवस आहे, परंतु हे दिवस गाडी मूळ स्थानकातून सुटते त्या तारखेपासून मोजले जातात, आपण चढतो त्या तारखेपासून नव्हे. गाडी 20 तारखेला रात्री सुटून आपल्या स्थानकावर 21 ला पहाटे येत असेल, तर 20 तारीख धरूनच मागे मोजावे. एलएचबीच्या (नव्या बनावटीच्या) पूर्ण डब्यातही अवघे 24 बर्थ असतात, त्यामुळे एका दिवसाचा उशीरही महागात पडतो, आणि या वर्गाला तत्काळ कोटा नसल्याने पुढे दुसरी संधी मिळत नाही. तारीख मूळ स्थानकाची, हे कृपया कागदावर लिहून ठेवा. परतीच्या गाडीचे मूळ स्थानक वेगळे, म्हणून तिची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी.

भाड्याचा विचार त्यानंतर. राजधानी आणि दुरांतोमध्ये सेकंड एसीचे मूळ भाडे दर 10 टक्के बर्थ भरल्यावर 10 टक्क्यांनी वाढत 1.4 पटीपर्यंत जाते. फर्स्ट एसीला ही वाढ लागू नाही. त्यामुळे दोन्ही वर्गांची त्या दिवशीची एकूण रक्कम शेजारी मांडून पाहावी, कारण शेवटी शेवटी फरक बराच कमी झालेला असतो. जवळच्या प्रवासासाठी मात्र हा वर्ग घेऊ नये, कारण किमान 300 किलोमीटरचे भाडे आकारले जाते. पाच वर्षांखालील मुलासाठी वेगळा बर्थ मागितल्यास पूर्ण भाडे पडते.

दोघे असाल तर दोघांची नावे एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असावीत. कूपे दोन बर्थचा, केबिन चार बर्थची. कूपेची पसंती नोंदवता येते, पण तो हक्क नाही, कारण वाटप तक्ता (प्रवाशांची अंतिम यादी) तयार होताना होते. वेगवेगळी तिकिटे काढल्यास सुविधा शुल्कही दोनदा भरावे लागते. हे शुल्क यूपीआयने कमी पडते.

नावे आयआरसीटीसीच्या खात्यातील मास्टर लिस्टमध्ये (प्रवाशांच्या जतन केलेल्या यादीत) आधीच भरावीत आणि सकाळी आठच्या आत लॉगिन करावे. तक्ता लागल्यावर केबिन पाहावी. ओळखपत्र सोबत असावे.