हायड्रॉलिक क्लचमधील हवा कशी काढावी

क्लचचे पेडल मऊ लागत असेल, रिव्हर्स टाकताना गिअर करकरत असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर तेच पेडल घट्ट होत असेल, तर पाइपात एअर धरली आहे असे समजावे. क्लचच्या ऑइलची टाकी वरच्या खुणेपर्यंत भरावी. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच ब्रेक ऑइल घ्यावे, तेही नव्या सीलबंद डब्यातले, कारण उघडा डबा हवेतला ओलावा ओढतो.

गिअरबॉक्सकडे ऑइलच्या दाबाने क्लच हलवणारा जो छोटा सिलिंडर असतो, त्या स्लेव्ह सिलिंडरच्या निप्पलला, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. एका रविवारी मी ही नळी नुसतीच बाटलीत सोडली होती आणि पेडलवर बसवलेला माझा मुलगा मी निप्पल बंद करण्याआधीच पाय उचलत होता. जेवढी हवा बाहेर पडे तेवढीच परत आत शिरे. अर्धा लिटर ऑइल संपले, पेडल मात्र होते तसेच राहिले.

पेडल झपाझप पन्नास वेळा मारण्याचा सल्ला तर ऐकूच नये, कारण त्याने मोठ्या बुडबुड्याचा फेस होतो आणि तो लवकर निघत नाही. सोबत्याने पेडल सावकाश दाबून धरावे, आपण निप्पल पाव आटा उघडावे, पेडल तळाला गेले की निप्पल बंद करावे आणि ‘सोड’ म्हटल्यावरच त्याने पाय उचलावा. पेडल आपोआप वर आले नाही, तर हाताने ओढावे. दर चार-पाच वेळांनंतर टाकी पाहावी. ती एकदा रिकामी झाली की सारे पहिल्यापासून करावे लागते.

एवढ्यानेही पेडल मऊच राहिले, तर स्लेव्ह सिलिंडरच्या वरच्या कोपऱ्यात बुडबुडा अडकलेला असण्याची शक्यता असते. सिलिंडर बाहेरून बसवलेला असल्यास त्याचे बोल्ट काढावेत, पाइप मात्र सोडू नये. पाइपाचे तोंड वर येईल असा सिलिंडर धरून त्याची दांडी हाताने हळूहळू आत दाबावी, म्हणजे बुडबुडा उलट वाटेने टाकीत निघून जातो. त्या वेळी पेडलला कोणीही पाय लावू नये, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो. सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असेल, तर हा उपाय चालत नाही.

निप्पल बेताने आवळावे, रबरी टोपी लावावी आणि रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे. आठवड्याभरात टाकीची पातळी पुन्हा उतरली, तर स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट, म्हणजे दांडीवरचे आवरण, उचलून पाहावे. आत ओल दिसली, तर सील गेलेले आहे.