गुलाबाची पानं कुरतडणाऱ्या सोंडकिड्यांचा बंदोबस्त कसा करावा

गुलाबाची पानं खाल्लेली दिसली की लगेच औषध फवारू नका. आधी खाणारा कोण, ते ओळखा.

कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ, गोलसर तुकडा गेला असेल तर ते पानकापी मधमाशीचं काम. ती घरट्यासाठी तुकडा नेते, झाडाला धोका नसतो. तिला कृपा करून मारू नका. वळवाच्या पावसानंतर एका रात्रीत पानांची चाळण झाली आणि दिवसा कुणीच दिसेना, तर बहुधा हुमणीचे भुंगेरे, म्हणजे हुमणी या मातीतल्या अळीचे मोठे झालेले किडे. पण कडेपासून आत वेड्यावाकड्या खाचा आणि दिवसाही पानावर तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी किडा दिसला, तर तो सोंडकिडा. नीट बघा: आखूड, बोथट सोंड आणि तिच्यावर कोपरात वाकवल्यासारख्या मिशा.

पकडायचं कसं? धक्का लागताच हा पाय आखडून खाली पडतो, मेल्याचं सोंग घेतो. त्याचाच फायदा घ्या. सकाळी लवकर झाडाखाली जुनं पांढरं कापड अंथरा, फांद्या झटका आणि पडलेले किडे साबणाच्या पाण्यात टाका. दिसेनासे होईपर्यंत हे रोज करा. दोन-चार कुंड्यांना याहून चांगला उपाय नाही.

खरं नुकसान मात्र मातीत होतं. अंडी मातीत घातली जातात आणि अळ्या मुळं खातात. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकत असेल तर आणखी पाणी ओतू नका, खुरपीने बाजूची माती उकरा. पांढरट, वाकडी, बिनपायांची अळी सोंडकिड्याची. सहा पाय असतील तर हुमणीची. सापडतील तेवढ्या वेचा, मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. अळ्या जास्त असतील तर मेटारायझियम ही जैविक बुरशी पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून संध्याकाळी ओलसर मातीत ओता. तिच्यासोबत बुरशीनाशक वापरू नका, नाहीतर तीच मरेल.

पानांवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा: 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून एक लिटर करा, थोडा साबण घाला. फवारणी संध्याकाळीच, मधमाश्या परतल्यावर. पाकळ्या गुलकंदाला वापरणार असाल तर रासायनिक कीटकनाशक नकोच.

जवळ वांगी किंवा भेंडी लावली असेल तर तिथेही कापड अंथरून झाडं झटका; हा किडा त्यांच्यावरही पोसतो.